पोपटी जिन्याचा पत्ता

या अंकाचे संपादक माझ्याकडे लेख मागायला आले ते ठरल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा आणि घामाघूम होऊन. चूक त्यांची नव्हती. फोनवर पत्ता मीच सांगितला होता. "पाण्याच्या टाकीपासून डावीकडं या," असं मी म्हणालो होतो, आणि आमच्या भागात पाण्याच्या टाक्या तीन आहेत. त्यातल्या एकीत पाणी असतं. आल्या आल्या ते खुर्चीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "पेंटर, तुम्ही लोकांचे पत्ते लावायचं काम करत होतात ना? त्याच्यावरच लिहा." यात कौतुक किती आणि सूड किती, हे मला अजून कळलेलं नाही.

मी मुळात पाट्या रंगवणारा माणूस. किराणा दुकान, सायकल मार्ट, दाताचा दवाखाना, सगळ्यांच्या पाट्या मी रंगवल्या आणि पाटीच्या खाली बाण काढले. माझा बाण चांगला निघायचा. मग फ्लेक्स आला आणि माझे ब्रश वाळले. वयाच्या पन्नाशीत मी कॉम्प्युटर शिकलो, तेव्हा क्लासमधली मुलं मला 'सर' समजून फीबद्दल विचारत. हळूहळू मी नवा धंदा धरला. फोनमधल्या नकाशावर लोकांची दुकानं लावून देण्याचा.

हे काम बाहेरच्याला जादूसारखं वाटतं, पण आहे साधं. धंद्याचं नाव, प्रकार, वेळ, फोन नंबर आणि पत्ता भरायचा, चार फोटो टाकायचे, नकाशावर नेमक्या जागी खूण ठेवायची. मग खात्रीसाठी त्या पत्त्यावर टपालानं एक कार्ड येतं. त्यावर आकडे असतात, ते भरले की दुकान जगाला दिसायला लागतं. तेव्हा शहर बीड बायपासच्या पलीकडं धावत सुटलं होतं. काल ज्वारी होती तिथं आज कॉलनी, आणि कॉलनीला पाटी लागायच्या आधी टँकर. रस्त्यांना नावं नव्हती, घरांना नंबर नव्हते, होते ते गट नंबर, आणि ते फक्त तलाठ्याला पाठ. अशा ठिकाणी माणसाला दारापर्यंत आणून सोडणं म्हणजे कला, आणि त्या कलेतला मी स्वतःला उस्ताद समजत असे. एका शिकवणीच्या सरांची खूण माझ्या हातून स्मशानभूमीवर पडली आणि दोन महिने पालक तिथपर्यंत जाऊन परत येत होते. सरांचं म्हणणं, प्रवेश कमी झाले. माझं म्हणणं, जे आले ते जिद्दीचे आले. एक ज्योतिषी म्हणाले, "पत्ता असा लावा की लग्नाआधी सापडला पाहिजे, लग्नानंतर नाही." मी त्यांना हसलो होतो. पत्ता सापडू नये असं कुणा भल्या माणसाला वाटत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातच येत नसे.

अंजनाबाई माझ्या दुकानात आल्या ते सलग दुसऱ्या दुष्काळाचं वर्ष होतं. गंगापूरकडच्या, मेंढपाळ घरातल्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. सोबत एकच मुलगी, कोमल, सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. आमच्याच भागात एका घराच्या वरच्या खोलीत दोघी राहायच्या आणि अंजनाबाई भाकऱ्या करून विकायच्या. ज्वारीची, बाजरीची, कळण्याची. भाकरी अशी की पापुद्रा उचलावा आणि आत वाफ दिसावी. शेजारच्या कॉलेजची मुलं, नोकरदार बायका, सगळे घेऊन जायचे. कोमलनं आईला सांगितलं होतं की फोनवर नाव आलं तर गिऱ्हाईक वाढेल. म्हणून त्या आल्या.

मी कामाला हात घातला आणि घातला तो पार कोपरापर्यंत. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं: 'मोठ्या टाकीमागं, पिठाच्या गिरणीच्या वर, पोपटी जिन्यानं दुसरा दरवाजा, कुत्रं बांधलेलं असतं.' अन्न परवान्याचा फोटो टाकला, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल. परवान्यावर गट नंबरासकट पूर्ण पत्ता छापलेला होता. जिन्याचा फोटो टाकला. आणि शेवटी एक फोटो काढला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. काठवटीत भाकरी थापणारे दोन हात. चेहरा नाही, नुसते हात, पिठानं माखलेले, आणि मनगटावर गोंदलेला मोर. तो फोटो मी बायकोला चार वेळा दाखवला. चौथ्या वेळी सुमन म्हणाली, "हात त्यांचे, भाकरी त्यांची, मग तुमचं काय?"

आठ दिवसांनी अंजनाबाई दुकानात आल्या. त्यांच्या हातात कुणा गिऱ्हाइकाचा फोन होता आणि त्यावर माझं काम उघडलेलं होतं.

"काका, हे काढा."

"का? वाईट झालंय?"

"माझ्या घराचा जिना पार जगाला दाखवलाय तुमी. मला नाव पायजे व्हतं. घर नव्हतं दाखवायचं."

मी समजूत घालू लागलो की पत्ता दिसला नाही तर गिऱ्हाईक येणार कसं. त्या ऐकत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कोमलची बारावी व्हईस्तवर आमी कुठं हाय ते कुणाला कळायला नको. पोरीचं लगीन लावायला बघत्यात. कळलं की घिऊन जातील. गावात तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरी उजवल्या या दुष्काळात."

"कोण, सासरचे?" मी विचारलं.

त्या काही बोलल्या नाहीत. खाली बघून पदर सारखा करत राहिल्या. मी ते 'हो' समजलो. बाई सासरचं नाव घेताना गप्प होते, हे मला माहीत होतं. गप्प राहण्याची दुसरीही एक जात असते, ती मला माहीत नव्हती.

त्या दिवशी मी शिकलो की पत्ता झाकण्याची सोयही त्यातच असते. जो गिऱ्हाइकाला घरी बोलावत नाही, माल पोचवतो, त्यानं पत्त्यापुढच्या चौकोनातली बरोबरची खूण काढायची आणि फक्त भाग सांगायचा. मग नकाशावर टाचणी दिसत नाही, नुसता मोठा पट्टा दिसतो. इतकी वर्षं तो चौकोन माझ्या डोळ्यांपुढं होता आणि मी त्याला हात लावला नव्हता, कारण झाकायचं कशाला, हाच माझा प्रश्न.

पत्ता झाकला आणि मी विडा उचलल्यासारखा साफसफाईला लागलो. परवान्याचा फोटो काढला. जिन्याचा काढला. एका फोटोत भाकऱ्यांच्या खाली विजेचं बिल अंथरलेलं होतं, त्यावर घरमालकाचं नाव आणि गट नंबर वाचता येत होता, तोही काढला. एका खूश गिऱ्हाइकानं अभिप्रायात लिहिलं होतं, 'काकूंचं घर टाकीमागं, हिरवा जिना.' त्याला फोन करून, गयावया करून, ते पुसायला लावलं. त्याच्याखाली कुणीतरी उत्तरही दिलं होतं: 'धन्यवाद. जिना हिरवा नसून पोपटी आहे.' ते उत्तर मीच दिलं होतं. रंगाच्या बाबतीत मला चूक खपत नाही.

हातांचा फोटो मात्र मी ठेवला. हातांवर काय पत्ता असतो, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण हे की तो मला फार आवडला होता.

राहिला प्रश्न भाकऱ्या घेऊन जायच्या कुठून. मी मोठ्या मनानं म्हणालो, "माझ्या दुकानातून." झालं. अंजनाबाईंच्या भाकरीचा जगजाहीर पत्ता म्हणजे माझं दुकान आणि फोन नंबर माझा. रोज अकरा वाजता त्या कापडात गुंडाळलेली टोपली आणून ठेवायच्या, एकपर्यंत टोपली रिकामी. व्हिजिटिंग कार्ड करायला आलेली माणसं दोन भाकऱ्या घेऊन जायची आणि कार्ड विसरायची. मी सुमनला सांगायचो, "त्या बाईंच्या आणि सगळ्या जगाच्या मध्ये मी भिंत आहे भिंत." सुमन म्हणायची, "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि भिंत म्हणे."

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं पटणार नाही. आमच्याकडं पत्ता विचारणाऱ्याला नुसता पत्ता सांगून मोकळं होत नाहीत. हातातलं काम टाकून त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जातात. त्याला कळलेलं दिसलं नाही तर गाडीवर मागं बसवून पोचवतात. माझ्या वडिलांनी एकदा दौलताबादची वाट विचारणाऱ्या माणसाला सायकलवर डबलसीट किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत नेलं, किल्ला दाखवला आणि परत जेवायला घरी आणलं. आईनं विचारलं, हे कोण? वडील म्हणाले, "नाव विचारायचं राहिलं." अशा घरातला मी.

उन्हाळ्यातली दुपार होती. टोपली रिकामी झाली होती. दारात एक माणूस उभा राहिला. धोतर, सदरा, डोक्याला पटका, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा, हातात कापडी पिशवी. सासरकडचा कुणी आला तर तो कसा दिसेल, हे मी मनात रंगवून ठेवलं होतं. मिशा, जाड काठी, तांबडे डोळे. या माणसानं आधी पाणी मागितलं, तेही संकोचून.

"राम राम. अंजनाच्या भाकरी हितंच भेटत्यात ना? म्या तिचा थोरला भाऊ, सोपान. गंगापूरकडून आलो."

मी सावध झालो. अगदी कान टवकारले. "कशावरून?"

त्यानं सदऱ्याची बाही वर सारली. मनगटावर गोंदलेला मोर. "जत्रंत एकाच सुईनं गोंदलं व्हतं दोघांनी. ती लई रडली व्हती. गावातल्या पोरानं फोनवर हाताचा फोटू दावला, तवा वळखलं. दोन वर्सं झाली साहेब, बहिणीचं तोंड बघितलं नाय. म्हातारी आई रोज इचारती."

मी फोनवरचा मोर आणि मनगटावरचा मोर शेजारी शेजारी धरून ताडून पाहिले. तीच मान, तीच पिसं. ओळख पटवण्यात मी जराही कसूर केली नाही. पिशवीतून लुगड्याचा काठ दिसत होता, वर नारळ. भाऊ बहिणीसाठी लुगडं घेऊन उन्हातान्हात एवढ्या लांब आलाय, आणि मी त्याला पत्ता सांगू नको? मला सासरच्यांपासून लपवायला सांगितलं होतं, आणि हे तर माहेर! माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी शटर अर्धं ओढलं आणि म्हणालो, "बसा मागं."

वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. तुमच्या बहिणीचं किती नाव आहे, भाची किती हुशार आहे, पहाटे उठून अभ्यास करते. तो मागून म्हणत होता, "व्हय का? व्हय का?"

पोपटी जिना मी पुढं होऊन चढलो. दार अंजनाबाईंनी उघडलं. त्यांनी भावाला पाहिलं, आणि मग त्याच्यामागं दात काढून उभ्या असलेल्या मला पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं दार पूर्ण उघडलं आणि म्हणाल्या, "या दादा."

आधी पाणी दिलं. त्यानं अर्धा तांब्या पिऊन विचारलं, "पानी इकत घेता?"

"टँकर येतो, आठ दिसानं."

तो उरलेलं पाणी घोट घोट पुरवून प्यायला. मग लुगडं आणि नारळ पिठाच्या डब्यावर ठेवला आणि सरळ म्हणाला, "अंजने, पुढल्या म्हैन्यातली तारीख धरली. पोराला कंपनीत काम लागलंय. कोमल काय परक्याकडं चालली नाय, मामाच्याच घरात येती. तू बी चल. हितं काय हाय? पानी इकत, पीठ इकत, खोली भाड्याची."

मामाच्या मुलाला भाची द्यायची, ही रीत मला काय ठाऊक नव्हती? आमच्या चार घरांत आहे. पण माझ्या डोक्यात माहेर म्हटलं की लुगडं आणि नारळ एवढंच आलं. पोरीला न्यायला येणारा माणूस लुगडं आणि नारळच घेऊन येतो, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं.

"बारावी होऊ दे दादा," अंजनाबाई म्हणाल्या. "मग बघू."

"बारावीनं पाऊस पडणार हाय का?"

पडद्यामागं कोमल बसली होती. वहीचं पान उलटल्याचा आवाज मघापासून येत होता, तो बंद झाला होता.

मी मध्ये तोंड घातलं. "सोपानराव, मुलगी सोळा वर्षांची आहे. कायद्यानं हा गुन्हा..."

तो माझ्याकडं वळला. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "पेंटरसाहेब, तुमी मला हितवर आनलं, लई उपकार झाले. आता घरातलं हाय, घरातल्यांना बोलू द्या."

जाताना तो बहिणीला म्हणाला, "रविवारी जीप घिऊन येतो, सामान बांधून ठेव." आणि जिन्यात मला म्हणाला, "स्टँडपत्तुर सोडता का साहेब? ऊन लई हाय."

आणि मी सोडलं. एसटीत बसेपर्यंत थांबलो. सवय, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता टोपली नेहमीसारखी आली. मी म्हणालो, "अंजनाबाई, माझी चूक झाली."

"व्हय," त्या म्हणाल्या.

"पोलिसात जाऊ. मी येतो बरोबर."

"भावावर पोलीस घालू? आई जित्ती हाय अजून. पोलिसात गेलं की माझं माहेर तुटलं, जल्माचं."

"मग मला आधी सांगायचं होतं ना, की भाऊच आहे म्हणून!" हे मी जरा चिडून बोललो. चूक आपली असली की माणूस असाच चिडतो.

"कसं सांगू काका? सासरचं वाईट सांगितलं तर लोक ऐकून घेत्यात. माहेराचं तोंडातून निघत नाय."

मी म्हणालो, "मी दुसरी खोली बघतो. ओळखीची माणसं आहेत, आजच्या आज बघतो."

त्यांनी टोपलीवरचं कापड सारखं केलं. "नका बघू. तुमी बघितली की ती तुमाला ठावं व्हईल."

इतकी वर्षं लोकांनी मला बरंच काही म्हटलं आहे. स्मशानवाल्या सरांनी तर फारच. पण हे वाक्य मला अजून लागतं, कारण त्यात रागाचा टिपूस नव्हता. तो नुसता हिशेब होता आणि तो बरोबर होता.

शनिवारी टोपली आली नाही. मी दुपारी जिना चढून पाहिलं. दाराला घरमालकाचं कुलूप होतं. रविवारी जीप आली आणि पोपटी जिन्याखालून थेट माझ्या दुकानापुढं आली. सोपानराव उतरले.

"कुठं गेली?"

"माहीत नाही."

"खरं?"

"आईशप्पथ."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मला काही लपवता येत नाही हे त्यांना एव्हाना कळलं असावं, कारण त्यांचा विश्वास बसला. दुकानाच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "म्या काय वैरी हाय का तिचा? रानात चारा नाय, मेंढरं घिऊन पार घाटाखाली जावं लागतं. मागं तरण्या पोरीला कोण बघंल? आपल्या घरात आली म्हंजी सुटलो, असं वाटलं." मी त्यांना पाणी दिलं. त्या माणसाचा मला राग यायला हवा होता. राग आला तो माझाच. उठताना ते म्हणाले, "कळलं तर सांगा," आणि मी सवयीनं "हो" म्हणालो.

मग मी ते नकाशावरचं पान बंद केलं. हातांचा फोटो सगळीकडून काढून टाकला. अंजनाबाईंचा आधीचा नंबर लागत नव्हता. कित्येक महिने माझ्या फोनवर भाकऱ्यांची मागणी येत राहिली आणि मी "बंद झालं" म्हणत राहिलो. पुढं पाऊस झाला. सायकलवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलींकडं मी उगाच निरखून बघायला लागलो, तेव्हा सुमननं बजावलं, "असं बघत जाऊ नका, मार खाल." मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्या पोरीचं कॉलेज तुटलं का. माझ्यामुळं तुटलं का.

दिवाळी उलटल्यावर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "काका, अंजना बोलते." मी उभाच राहिलो. त्या म्हणाल्या, "भाकरीचं परत फोनवर टाकायचं हाय. नव्या नावानं."

आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "पत्ता सांगा!"

मी घाईघाईनं समजावलं की माझ्या मनात काही नाही, पत्ता झाकला तरी कार्ड यायला तो भरावा लागतो, त्या रकान्याशिवाय पुढं सरकता येत नाही. त्या म्हणाल्या, "मग कसं करायचं ते सांगा. कोमल करती. बारावीचा अभ्यास सांभाळून करील."

पाऊण तास मी फोनवर त्या पोरीला शिकवलं. कोणता चौकोन रिकामा सोडायचा, परवान्याचा फोटो का टाकायचा नाही, फोटो काढताना मागं काय दिसतंय ते कसं बघायचं, अभिप्रायात कुणी घराची खूण लिहिली तर काय करायचं, आणि आपण होऊन रंग दुरुस्त का करायचा नाही. ती लिहून घेत होती. शेवटी मी म्हणालो, "आणि हाताचा फोटो नको." ती म्हणाली, "ते माहीत आहे, काका."

काही दिवसांनी ते नकाशावर आलं. मी चष्मा लावून, फोटो मोठे करकरून चुका शोधल्या. साध्या पांढऱ्या कापडावर भाकऱ्यांची चवड. टाचणी नाही, जिना नाही, टाकी नाही, नुसता अर्ध्या शहरावर पसरलेला पट्टा. इतकं स्वच्छ काम मला माझ्या उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. त्यानंतर घरून धंदा करणाऱ्या किती तरी बायकांचे पत्ते मी झाकून दिले. मेंदीवाल्या, शिवणवाल्या, केकवाल्या. सगळ्यांना पहिल्यांदा एकच सांगायचो, कुणापासून झाकायचा ते सांगू नका, कुणाला दाखवायचा तेवढं सांगा. लोकांना वाटायचं, पेंटर फार विचारी माणूस आहे.

शहराचं नाव बदललं तेव्हा सगळ्या पाट्यांवर आणि नकाशांवर ते दुरुस्त करता करता माझे डोळे दमले आणि मी दुकान पुतण्याला देऊन घरी बसलो. सोपानराव मात्र दरवर्षी येतात, आता घरी येतात. पत्ता मीच दिला. पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा आणतात, ओसरीवर बसतात, चहा घेतात. त्यांच्या मुलाचं लग्न दुसरीकडं कधीच झालं, त्याला एक पोरगीही आहे. आई गेली. निघताना चप्पल घालता घालता ते दरवर्षी विचारतात, "कळला का पत्ता?" मी म्हणतो, "नाही." ते मान हलवतात आणि जातात.

गेल्या खेपेला ते गेल्यावर मला राहवलं नाही. नकाशावरचा तो नंबर काढला आणि फोन लावला. म्हणावं, दहा भाकऱ्या मागवू, गिऱ्हाईक म्हणून मागवायला काय हरकत आहे.

"बोला काका," पलीकडून कोमल म्हणाली. माझा नंबर तिच्याकडं होता.

'कुठं राहता गं तुम्ही' हे अगदी ओठांवर आलं. मी विचारलं, "बारावीचं काय झालं?"

"काका, नर्सिंगपण झालं. दवाखान्यात लागून वर्ष होईल."

मला रडू आलं. सुमन शेजारीच उभी होती, तिनं फोन काढून घ्यायला हात पुढं केला, मी दिला नाही. पलीकडं कोमल कुणाशी तरी बोलली आणि परत आली. "आई विचारतीय, आता सांगू का काकांना पत्ता? या म्हणतीय जेवायला."

मला जायचं होतं. फार जायचं होतं. मी म्हणालो, "नको, दहा भाकऱ्या तेवढ्या घरी पाठव. तुझा मामा अजून येतो माझ्याकडं. दरवर्षी विचारतो. मला खोटं बोलता येत नाही."

तिनं विचारलं, "मामा कसा आहे?"

"थकलाय. आजच शेंगा देऊन गेला, पिशवीभर. आम्ही दोघं म्हातारे किती खाणार? निम्म्या तुम्हाला पाठवतो." बोलून गेलो, आणि पिशवीकडं बघत तसाच थांबलो. पाठवायच्या कुठं?

"भाकऱ्या घेऊन येणाऱ्या माणसाजवळ द्या, काका," कोमल म्हणाली. "त्याला माहीत आहे."